आतला माणूस आणि रविवारचे कपडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली २२ वर्षं मी आमच्या गावच्या चर्चमध्ये रविवारची मिस्सा (सामूहिक उपासना) संपल्यावर मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. गाव मालवण आणि वेंगुर्ल्याच्या मधल्या किनाऱ्यावर आहे. मुलं वर्गात प्रश्न विचारतात, त्यांच्या आया बाहेर माडाखाली थांबून विचारतात, आणि काही जण संध्याकाळी घरी येऊन हळू आवाजात विचारतात. फिरून फिरून बहुतेक प्रश्न एकाच गाठीशी येतात: बाहेरून दिसणारं ख्रिस्तीपण आणि आतला माणूस यांचा मेळ कसा घालायचा? मी धर्मपंडित नाही. बायबलमध्ये जे वाचलं, फादरांकडून जे शिकले आणि स्वतः चुकून जे कळलं, ते इथे लिहिलं आहे.

देव मन पाहतो ना? मग चर्चला कसेही कपडे घालून आलं तर काय बिघडलं?

हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी १ शमुवेल १६:७ असतं. माणूस बाहेरचं रूप पाहतो, परमेश्वर हृदय पाहतो. वचन खरंच आहे, पण ते कोणाला आणि कधी सांगितलं ते पाहा. शमुवेल संदेष्टा बेथलेहेमात इशायाच्या घरी नवा राजा निवडायला आला आहे. थोरला मुलगा अलियाब समोर उभा राहतो. उंच, भरदार. शमुवेलाला वाटतं, हाच तो. पहिला राजा शौलही असाच सगळ्या लोकांत खांद्याच्या वर दिसेल एवढा उंच होता, आणि त्याचं पुढे काय झालं ते शमुवेलाने डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी त्याची नजर पुन्हा उंचीवरच गेली. तेव्हा देवाने त्याला थांबवलं.

म्हणजे हे वचन दुसऱ्याकडे कसं पाहावं यासाठी दिलेलं आहे, आणि आपण ते काढतो स्वतःची सोय बघायला. आणखी एक गोष्ट. पुढच्या पाचच ओवींत, शेवटी ज्याची निवड झाली त्या धाकट्या दाविदाचं वर्णन येतं, आणि तो सुंदर डोळ्यांचा, देखणा होता असं तिथेच लिहिलं आहे. देखणेपणावर देवाचा राग नाही. त्याच्यावरून निवड मात्र होत नाही.

कपड्यांचं म्हणाल तर, शेजारच्या लग्नाला आपण घरातल्या मळक्या कपड्यांत जात नाही, कारण त्या घराचा मान असतो. तोच मान इथे ठेवा. स्वच्छ आणि साधे कपडे पुरेत. ज्याच्याकडे तेही नाहीत त्याने काय करायचं, याचं उत्तर शेवटी दिलं आहे.

बांगड्या, गजरा, सोनं घालणं पाप आहे का? एका प्रार्थना सभेत आम्हाला सगळं उतरवायला सांगितलं.

ते १ पेत्र ३:३-४ वरून, म्हणजे येशूचा शिष्य पेत्र याच्या पत्रावरून, सांगतात. तुमची शोभा केसांच्या गुंफणीत, सोन्यात आणि वस्त्रांत नसावी, अंतःकरणातल्या सौम्य आणि शांत आत्म्याची असावी, असा त्याचा आशय. आता नीट वाचा. त्या यादीत केस आणि सोन्याबरोबर वस्त्रं घालणंही आहे. मूळ ग्रीकमध्ये तिथे फक्त ‘वस्त्रं’ असा शब्द आहे. ही बंदीची यादी मानली तर सोन्याबरोबर कपडेही सोडावे लागतील! पेत्राला तसं म्हणायचं नाही. रोमन साम्राज्यात श्रीमंत बायका सोन्याच्या तारा घालून केसांचे मनोरे रचत, दासींना तासन् तास राबवत, आणि त्या मनोऱ्यावरून बाईची किंमत ठरे. तुमची किंमत तिथे टांगू नका, एवढं तो सांगतो आहे.

आमच्याकडे बायका आबोलीचा वळेसर माळून मिस्सेला येतात. त्यात मला कधी गर्व दिसला नाही, सणाचा आनंद दिसला. आईची शेवटची आठवण म्हणून बारीकशी सोनसाखळी घालणाऱ्या विधवेच्या गळ्यातून ती उतरवायला लावणं ही कसली आत्मिकता? आणि अंगावर एक दागिना नसलेली, पांढऱ्या साडीतली बाईसुद्धा ‘मी तुमच्यासारखी नाही’ हा दागिना मिरवू शकते.

एक अजून. ‘शांत आत्मा’ म्हणजे बाईने तोंड मिटून सोसावं असा अर्थ काही घरांत काढतात. तो खोटा आहे. याबद्दल खाली लिहिलं आहे.

परूशी म्हणजे ढोंगी, वाईट माणसं, असंच ना?

असं शिकवलं जातं, मीही बरीच वर्षं तसंच शिकवलं, आणि त्यामुळे मुलांना वाटतं की येशू दुसऱ्याच कोणाला तरी बोलतो आहे. परूशी म्हणजे येशूच्या काळच्या यहुद्यांमधली धार्मिक, नेटकी माणसं. आठवड्यातून दोनदा उपास करायची. परसातल्या पुदिन्याचा, शेपूचा, जिऱ्याचासुद्धा दहावा भाग देवाला द्यायची. आज आपल्या पॅरिशमध्ये असं कोणी असतं तर आपण त्यालाच कमिटीवर घेतलं असतं. येशूला रात्री भेटायला आलेला निकदेम परूशी होता, पुढे प्रेषित झालेला पौलही परूशी होता.

येशूने त्यांना ‘चुना लावलेल्या कबरी’ म्हटलं ते मत्तय २३:२७ मध्ये. आमच्या भागात हे डोळ्यांसमोर येतं. पावसाळ्यात चिऱ्याच्या कबरी शेवाळाने काळ्या-हिरव्या होतात. २ नोव्हेंबरला सर्व मृतांचा दिवस, त्याच्या आधी घरोघरची माणसं सिमेटरीत जातात, शेवाळ खरवडतात आणि चुना काढतात. आपल्याकडे तो चुना मायेचा असतो, म्हणून येशूची उपमा मुलांना कडू लागते. पण यरुशलेमेत चुन्याचं काम वेगळं होतं. कबरीला हात लागला तर माणूस सात दिवस अशुद्ध, असा नियम होता (गणना १९:१६). वल्हांडणाच्या यहुदी सणाला लांबून यात्रेकरू यायचे, त्यांना कबरी ओळखता याव्यात म्हणून सणाच्या आधी, अदार महिन्यात, त्यांच्यावर चुन्याच्या खुणा करत. म्हणजे तो पांढरा रंग आधी धोक्याची खूण होता: इथून लांब राहा, आत मृत्यू आहे.

लूक ११:४४ मध्ये येशू उलट उपमा देतो. तिथे परूशी खूण नसलेल्या कबरींसारखे आहेत. माणसं नकळत त्यांच्यावरून चालत जातात आणि बाटतात. दोन्ही एकत्र वाचलं की मला भीती वाटते. माझा आतला कुजकेपणा कधी चकचकीत रंगाखाली असतो, कधी कसलीही खूण नसलेल्या साध्या जमिनीखाली.

दशमांश देऊ नका असं येशू म्हणाला नाही. न्याय, दया आणि विश्वास सोडून दिलात, त्या गोष्टी करायच्या होत्या आणि ह्याही सोडायच्या नव्हत्या, असं तो म्हणाला. ताटली बाहेरून घासायला त्याची हरकत नव्हती. आधी आतून घासा, एवढंच.

आमच्याकडे एक जण दर रविवारी पहिल्या बाकावर बसतो आणि घरी बायकोला मारतो. असली माणसं असतील तर मी चर्चला का येऊ?

याची दोन उत्तरं आहेत. दुसरं जास्त महत्त्वाचं, म्हणून पहिलं लवकर सांगते.

मत्तय १३:४७ मध्ये स्वर्गाचं राज्य समुद्रात टाकलेल्या जाळ्यासारखं आहे असं येशू म्हणतो. त्या जाळ्याला ग्रीकमध्ये जो शब्द आहे तो किनाऱ्यावरून ओढायच्या लांबच लांब जाळ्याचा. आपल्या भाषेत रापण. हा दृष्टान्त आमच्या मुलांना समजावून द्यावा लागत नाही. रापणीत बांगडा येतो, तारली येते, तसे खाता न येणारे केंडही येतात, जेलीफिशही येतो, आता तर प्लास्टिकही येतं. दोर ओढताना निवड करायला कोणी थांबत नाही. जाळं वाळूवर आलं की मग टोपल्या घेऊन बसायचं. चर्च हे अजून पाण्यात असलेलं जाळं आहे. त्यात केंड आहे म्हणून बांगड्याने बाहेर उडी मारायचं कारण नाही.

आता दुसरं. त्या बाईचं काय? वर ज्या १ पेत्र ३ बद्दल लिहिलं, त्याच अध्यायात, त्याच सूचनेत, सातव्या ओवीत नवऱ्यांना सांगितलं आहे की बायकोला मान द्या, म्हणजे तुमच्या प्रार्थनांत अडथळा येणार नाही. बायकांना तिसरी-चौथी ओवी पाठ करून घेतात. नवऱ्यांना सातवी कोणी वाचून दाखवत नाही. हात उगारणाऱ्या माणसाची प्रार्थना पहिल्या बाकावरूनही वर जात नाही, असा याचा सरळ अर्थ मी घेते.

आणि जिला मार बसतो तिने ‘क्रूस वाहते आहे’ म्हणून गप्प राहू नये. येशूचा क्रूस त्याने स्वतः उचलला होता, तुमच्यावर तो दुसऱ्याची मूठ लादते आहे. हे दोन वेगळे आहेत. विश्वासातल्या एका बाईला सांगा, सिस्टरांना सांगा. महिलांसाठी १८१ हा फोन नंबर आहे, तातडीला ११२ आहे, आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा तुम्हाला राहत्या घरातून कोणी हाकलू नये म्हणूनही संरक्षण देतो. चर्चची अब्रू जाईल म्हणून लपवू नका. ज्या अब्रूसाठी एका बाईचा जीव घुसमटतो, ती अब्रू म्हणजेच तो चुना.

एकीकडे ‘तुमचा उजेड लोकांसमोर पडो’ आणि दुसरीकडे ‘उजवा हात देतो ते डाव्या हाताला कळू नये’. नक्की काय करायचं?

दोन्ही वाक्यं एकाच डोंगरावरच्या प्रवचनात आहेत, मत्तय ५:१६ आणि ६:३. फरक शेवटी काय घडतं यात आहे. पहिल्यात लोक चांगलं काम बघून स्वर्गातल्या पित्याचं गौरव करतात. दुसऱ्यात लोक देणाऱ्याचं नाव घेतात.

दर्यावर्दी माणसाला दीपगृहाचं उदाहरण लगेच पटतं. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवरचा दिवा होडीला खडक दाखवतो. तांडेल त्या दिव्याकडे टक लावून बसत नाही, आपली होडी वळवतो. तुमच्या चांगुलपणाने कोणाची होडी वळली का? वळली असेल तर तो उजेड.

देणगीच्या फरशीवर नाव कोरायचं का, असंही विचारतात. मेलेल्या आईवडिलांच्या आठवणीसाठी कोरलं तर मला गैर वाटत नाही. पण नाव वर की खाली यावरून दोन भावांत बोलणं तुटलेलं मी पाहिलं आहे. चौथ्या शतकात अंत्युखियात संत योहान क्रिसोस्तोम प्रवचनात बजावत असे, की इथे वेदीवर ख्रिस्ताला रेशमी वस्त्रं नेसवायची आणि बाहेर तोच थंडीत उघडा कुडकुडताना सोडून द्यायचा, असं करू नका. आमच्याकडे थंडीने नाही तर जूनच्या पावसाने माणूस कुडकुडतो. वेदीवरची फुलं बदलण्याआधी कोणाच्या घरावरची कौलं फुटली आहेत ते विचारावं असं मला वाटतं.

उपवासकाळात मटण सोडलं, मग सुरमई खाल्ली तर चालते ना?

नियमाने चालते. उपवासकाळ म्हणजे राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस. राखेचा बुधवार आणि शुक्रवार या दिवसांत १४ वर्षांवरच्यांनी मांस वर्ज्य करायचं, आणि राखेचा बुधवार व गुड फ्रायडे या दोन दिवशी १८ ते ५९ वयाच्यांनी उपासही करायचा. मासे त्या बंदीत येत नाहीत. जिथे मांस ही चैन आणि मासे हे गरिबाचं अन्न होतं, तिथे हा नियम वाढला.

पण कोकणात तो उलटा होतो. आमच्याकडे मटण महिन्यातून एखादा दिवस आणि मासळी रोजची, आणि सुरमईचा तळलेला तुकडा म्हणजे तर सण. शुक्रवारी कोंबडी टाळून सुरमई-कोळंबीवर ताव मारला तर नियम पूर्ण पाळला जातो आणि आत काहीच हलत नाही. बाहेरचं आणि आतलं यांतला फरक मला एवढ्या स्वच्छपणे दुसरीकडे कुठे दिसला नाही. माझी सासू चाळीसही दिवस मासळी बंद ठेवायची. कोणाला सांगायची नाही. मासळीवाली दारात आली की ‘आज नको गो’ एवढंच. वाचलेले पैसे कुठे जायचे ते तिच्या मरणानंतर एका शेजारणीच्या तोंडून कळलं. त्या घरच्या मुलीची शाळेची फी होती.

येशू म्हणतो, उपास करताना तोंड धुवा, डोक्याला तेल लावा. यशया ५८ मध्ये देव म्हणतो, मला आवडणारा उपास म्हणजे भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं. सोडलेला घास दुसऱ्याच्या ताटात पोचला पाहिजे. नाहीतर ते डाएट.

लग्न साधं केलं तर लोक नावं ठेवतात. कर्ज काढावं का?

काढू नये. लोक दोन दिवस बोलतात, हप्ता पाच वर्षं चालतो. लग्नाआधी नवरा-नवरीला नारळाचं दूध लावायचा रोस घरच्या नारळांवरच होतो, बँड नसला तरी संस्कार पूर्ण होतो. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला होता, म्हणजे येशू ज्या लग्नाला गेला तिथेही तुटवडा होता. तो लाजला नाही आणि उठून गेला नाही.

मुलगी सावळी आहे म्हणून स्थळं परत जातात. ख्रिस्ती घरांतही हेच का?

हो, हेच, आणि याची मला चीड आहे. घरात येशूची तसबीर लावायची, तिच्याखाली बसून ‘रंग जरा कमी आहे’ म्हणायचं. यशया ५३ मध्ये प्रभूच्या सेवकाबद्दल लिहिलं आहे की त्याला रूप नव्हतं, त्याच्याकडे बघून तो आवडावा असं सौंदर्य नव्हतं, आणि हे वचन आपण दर गुड फ्रायडेला वाचतो. दाविदाचा मुलगा अबशालोम सगळ्या इस्राएलात देखणा होता. त्याचे कापलेले केस २०० शेकेल भरत. त्याने बापाविरुद्ध बंड केलं आणि पळताना त्याचं डोकं झाडाच्या फांद्यांत अडकून तो लटकला. स्थळ बघायला जाताना २ शमुवेल १४ आणि १८ वाचून जा, असं मी मुलांच्या आयांना सांगते.

ख्रिस्ती झालं की पोशाख, नाव, राहणी बदलायला हवी का?

ही जुनी खंत आहे. शंभर वर्षांपूर्वी बाप्तिस्मा म्हणजे कोट-टोपी असं लोक समजत, काही ख्रिस्तीही तसंच समजत. दापोलीकडच्या करजगावात १८६१ मध्ये जन्मलेले नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांनी आपली भाषा, अभंग, कीर्तन काहीच टाकलं नाही. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून येऊ शकत. शेवटच्या दिवसांत ते संन्याशाची भगवी वस्त्रं घालत. तीही वस्त्रंच, बाहेरचीच. पण ती त्यांच्या आतल्या निश्चयामागून आली, पुढे धावली नाहीत.

वसईचा संत गोन्सालो गार्सिया तर याहून मोठं उदाहरण आहे. येशूसंघीयांकडे (जेझुइटांकडे) शिकला, त्यांच्याबरोबर जपानला गेला, पण संघात त्याला प्रवेश मिळाला नाही. मग व्यापार केला, आणि पुढे मनिलात फ्रान्सिस्कनांमध्ये ब्रदर झाला. फादर नाही, साधा ब्रदर. जपानी भाषा येत होती म्हणून दुभाष्याचं काम. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना क्रुसावर मारलं, त्यांत तो होता. मारण्याआधी बहुतेकांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांना गावोगाव फिरवलं होतं. १८६२ मध्ये चर्चने त्याला संत म्हणून घोषित केलं. ज्याला एका दारातून परत पाठवलं होतं, तो भारतात जन्मलेला पहिला संत ठरला.

मी रागीट आहे. स्वभाव खरंच बदलतो, की फक्त दाबून ठेवायचा?

हा प्रश्न मला सगळ्यांत जवळचा.

आमच्या पट्ट्यात ‘साका’ म्हणजे काय ते सांगायला नको. हापूस वरून केशरी, देठाशी सुवास, पेटीत पहिला नंबर. सुरी घातली की बाठ्याजवळ पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर. वरून कळायचा मार्ग नाही. बागायतदार सांगतात की उन्हाचा याच्याशी मोठा संबंध आहे. काढलेला आंबा तापलेल्या जमिनीवर पडून राहिला की साका वाढतो, म्हणून सकाळच्या गारव्यात काढायचा आणि लगेच सावलीत न्यायचा. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ जात तयार झाली, १९८१ मध्ये ती बाहेर आली, आणि तिच्यात साका होत नाही. म्हणजे दोष सालीवर उपचार करून गेला नाही. जातच बदलावी लागली. येशू निकदेमाला ‘नव्याने जन्म’ म्हणाला तेव्हा तो असंच काही सांगत होता, असं मला वाटतं.

पण जन्म झाल्यावर पिकायचं राहतंच, आणि तिथे घाई चालत नाही. कार्बाइडने आंबा दोन दिवसांत पिवळा होतो, आत कच्चा राहतो, आणि त्याला कायद्याने बंदी आहे. आढीत, भाताच्या पेंढ्यात, अंधारात, आठ-दहा दिवस ठेवला की तो आतून पिकतो आणि रंग आपोआप मागून येतो. माणसांवर आपण कार्बाइडच वापरतो. बाप्तिस्मा झाला, रिट्रीट झालं, लगेच साक्ष द्यायला उभं करतो.

गलतीकरांस ५:२२-२३ मध्ये आत्म्याच्या फळाची प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन अशी नऊ नावं आहेत आणि शब्द मात्र एकवचनी आहे. फळ एकच. घरात राग आणि चर्चमध्ये सौम्यता अशी वेगवेगळी फळं एका झाडाला लागत नाहीत.

धीर येण्यासाठी पेत्राकडे बघा. कोळी माणूस, तापट. येशूला पकडलं त्या रात्री गेथशेमाने बागेत तलवार काढली, मग येशूला ओळखतच नाही म्हणाला, मग रडला. पेंटेकॉस्टनंतर, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्यावर, तरी बदलला? बदलला. पण पुढे अंत्युखियात परराष्ट्रीयांबरोबर जेवत असताना यरुशलेमहून काही माणसं आली, आणि त्यांना काय वाटेल या भीतीने तो पंक्तीतून उठून लांब बसला. पौलाने त्याला सगळ्यांसमोर सुनावलं (गलती २). हाच पेत्र ‘अंतःकरणातली शोभा’ लिहितो. त्याला दिखाव्याची चव माहीत होती. म्हणून त्याचं मी ऐकते.

रागासाठी एक साधी गोष्ट मला उपयोगी पडली. दर महिन्याला कन्फेशनला, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायला, जाताना ‘मी रागावले’ असं न सांगता ‘मी अमक्यावर, अमक्या शब्दाने रागावले’ असं सांगायचं. नाव आणि शब्द तोंडातून काढताना घसा कोरडा पडतो. आणि फादरांकडून परत येताना आधी त्या माणसाच्या दारी जायचं.

माझं आतलं खरं आहे की दिखावा, हे मला कसं कळणार?

बाजारात बांगडा घेताना आपण खवल्यांची चमक बघून घेत नाही. कल्ला उचलतो. लाल असेल तर ताजा, काळपट असेल तर पुढे चालू लागतो. माणसाचाही कल्ला असतो, तो काही ठिकाणी उचलला जातो.

तराजूपाशी. नीतिसूत्रे ११:१ म्हणतं की खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट येतो. मासळी कमी असते आणि गिऱ्हाईक मुंबईचं असतं, तेव्हा तुमचा काटा कुठे थांबतो?

घराच्या पायरीशी. तुम्ही आत शिरलात की मुलं हसतात की गप्प होतात?

कोणी तुमच्याहून चांगली प्रार्थना केली तेव्हा. माझा कल्ला इथे काळा निघतो, हे मला बरीच वर्षं माहीत आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर रोज पहाटे वचन पाठवणं यात मोजू नका. चांगलं आहे, पाठवा, पण त्याने काही सिद्ध होत नाही.

मुलांना हे कसं शिकवायचं?

मी कसं शिकवू नये ते सांगते. काही वर्षांपूर्वी प्रथम कम्युनियनच्या तयारीचा वर्ग होता. नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा उशिरा आला. अर्धी पँट ओली, पाय वाळूने भरलेले, हाताला खवले, सगळ्या अंगाला मासळीचा वास. मी सगळ्यांसमोर विचारलं, देवाच्या घरात असं येतात? तो म्हणाला, “टीचर, रापणीवरसून थेट इलंय.” मी त्याला मागे दाराजवळ उभं केलं आणि पुढे शिकवायला लागले. त्या दिवशी धडा होता याकोब २. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा देता आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला म्हणता, तू तिथे उभा राहा. मी ते वाचून दाखवलं. तो उभाच होता. मला काही कळलं नाही. रात्री भांडी घासताना कळलं.

तो पुढचे तीन रविवार आला नाही. मी त्याच्या घरी गेले. बाप आजारी होता, आणि दोर ओढायला हात कमी पडला तर घराचा वाटा जातो, म्हणून पोरगा पहाटेपासून दोरावर होता. वाटा घरी ठेवून, वर्ग चुकू नये म्हणून धावत आला होता. मी त्याची माफी मागितली, त्याच्या आईसमोर. तो वर्गात परत आला, कम्युनियनही झालं. पण त्यानंतर कितीही जागा असली तरी तो दाराजवळच बसायचा.

तेव्हापासून मी मुलांचे कपडे बघत नाही. मुलं आपण काय शिकवतो ते विसरतात. आपण कोणाला पुढे बसवतो ते विसरत नाहीत.

माझ्याकडे चांगले कपडे नाहीत. किनाऱ्यावरून थेट, ओल्या कपड्यांनी आलो तर चालेल का?

योहान २१ वाचा. पुनरुत्थानानंतरची पहाट आहे. रात्रभर जाळं टाकून काही लागलं नव्हतं, मग किनाऱ्यावरच्या माणसाने उजवीकडे टाका म्हटलं आणि १५३ मोठे मासे आले. ‘प्रभू आहे’ हे ऐकताच पेत्राने, कामासाठी उघडा होता म्हणून, अंगरखा गुंडाळला आणि समुद्रात उडी मारली. आपण पाण्यात उतरताना कपडे काढतो. त्याने घातले, कारण समोर प्रभू होता, आणि मग ते भिजतील याचा विचार केला नाही. तो तसाच निथळत वाळूवर आला. तिथे कोळशाचा विस्तव पेटलेला होता, त्यावर मासे होते, भाकर होती, आणि येशू म्हणाला, या, न्याहारी करा.

आमची मिस्सा साडेसातला असते. मागचं दार उघडं असतं, पण पुढे या. वाळू मी नंतर झाडते.